उपनगर खरं माहीत असतं ते तिथल्या मुलांना

उपनगराचा इतिहास शोधायला गेलं की हाताला काय लागतं? लेआउट कधी मंजूर झाला, स्टेशन कधी सुरू झालं, पाण्याची लाइन कधी आली, शाळेच्या इमारतीचं उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, बस. दोन पानांत सगळं आटोपतं. किल्ला नाही, लढाई नाही, कुणी थोर माणूस इथे जन्मला म्हणून लावलेली पाटी नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनाही वाटत असतं की आपल्याकडे इतिहास असा काही नाहीच, लोक आले, घरं बांधली, राहिले, एवढंच. मला हे अजिबात पटत नाही, आणि म्हणूनच गेली बरीच वर्षं मी उपनगरात लहानाचे मोठे झालेले लोक गाठून त्यांच्या लहानपणच्या आठवणी रेकॉर्ड करतेय.

मुलांच्याच आठवणी का, तर उपनगरात कमावती माणसं दिवसा नसायचीच. सकाळी गाडी पकडून शहरात, अंधार पडल्यावर परत, सुट्टीच्या दिवशी राहिलेली झोप आणि घरातली तुंबलेली कामं. म्हणजे ज्यांच्या नावावर घर होतं त्यांनी ते गाव दिवसाउजेडी फारसं बघितलेलंच नसायचं! दिवसभर तिथे असायची ती मुलं, घर सांभाळणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं. त्यातली म्हातारी माणसं कधीच गेली, पहिल्या पिढीतल्या आयाही आता थोड्याच उरल्यात, आणि जी मुलं होती ती आज पन्नाशी साठी सत्तरीत आहेत. कुठल्या कुंपणाला भोक होतं, कुठल्या घरातला कुत्रा मोकळा असायचा, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये कुठल्या जिन्याला कठडा नव्हता, रिकाम्या प्लॉटवर पावसाचं पाणी कुठे साचायचं, हे सगळं फक्त त्यांना माहितीये. ऑफिसातल्या कुठल्याच नकाशात हे मिळत नाही.

आता हे काढून कसं घ्यायचं. "तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, छान होतं, साधं होतं, आत्तासारखं नव्हतं, आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसतात. त्यात त्या माणसाचा काही दोष नाही, प्रश्नच एवढा मोठा आहे की कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नाही. म्हणून मी पायांना प्रश्न विचारते. घरातून बाहेर पडलात, डावीकडे वळलात, काय दिसायचं? शाळेत कुठल्या रस्त्याने जायचात, आणि उशीर झाला असला की कुठून? हा दुसरा प्रश्न फार कामाचा आहे कारण शॉर्टकट विचारला की माणूस लगेच त्या वयाचा होतो, कुणाच्या तरी मागच्या अंगणातून, भिंतीवरून उडी मारून, चिखलातून, असं सगळं धडाधड यायला लागतं. आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे, कुठे जायला बंदी होती? बंदी असलेली जागा कुणीही विसरत नाही. कुणीच नाही. त्यानंतर थोडं थांबून विचारायचं, "आणि गेलात का?"

शब्दांनी नाही जमलं तर कागद. कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवायची आणि म्हणायचं, तुम्ही दहा वर्षांचे असताना जे गाव होतं ते काढा. सत्तरी ओलांडलेल्या एका काकांना मी असा कागद दिला तेव्हा आधी ते म्हणाले, "अगं मला चित्रबित्र येत नाही." मग त्यांनी पहिली रेघ ओढली ती नाल्याची. अर्धा कागद नाल्यानेच खाल्ला. त्यावर आडवा एक पाइप काढला, पाण्याचा जाड पाइप, नाल्याच्या या काठावरून त्या काठावर गेलेला, आणि मुलं दोन्ही हात पसरून त्यावरून चालत पलीकडे जायची. पाइपाच्या मधोमध जोडावर लोखंडी पट्टा होता, तिथे पाय अडखळायचा, म्हणून तेवढ्यापुरतं खाली बसायचं, पट्टा ओलांडून सरकायचं आणि परत उभं राहायचं. हे सांगताना काका खुर्चीवर बसल्या बसल्या पुढे सरकले. स्टेशन त्यांनी कोपऱ्यात बारीकसं काढलं. मुख्य रस्ता नंतर आठवला. स्वतःचं घर तर मी विचारल्यावर काढलं, एक छोटासा चौकोन. मग मी विचारलं, त्या पाइपवरून कधी कुणी पडलं का? तर पडला होता, त्यांचा धाकटा भाऊ, हात मोडला होता, आणि दोघांनी घरी सांगितलं की शाळेच्या पायऱ्यांवरून पडला. आई शेवटपर्यंत तेच खरं मानत होती. शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी बोलला नाहीत!" त्यावर काका म्हणाले, "कुणी विचारलंच नाही."

नकाशा काढून घ्यायची ही पद्धत काही मी शोधलेली नाही. केव्हिन लिंच म्हणून अमेरिकन नगररचनाकार होते, त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना आपापलं शहर कागदावर काढायला लावलं होतं आणि त्यावरून १९६० साली शहर माणसांच्या डोक्यात कसं बसलेलं असतं ते मांडलं. पण मला त्यांचं त्यानंतरचं काम जास्त जवळचं वाटतं. १९७० च्या दशकात युनेस्कोच्या मदतीने त्यांनी अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंड इथल्या किशोरवयीन मुलांकडून त्यांची त्यांची वस्ती समजून घेतली. आणि निघालं काय, तर मेलबर्नच्या उपनगरातली मुलं, ज्यांच्याकडे घरं ठीकठाक, रस्ते रुंद, मोकळी मैदानं, ती कंटाळलेली होती, करायला काही नाही म्हणत होती. आणि अर्जेंटिनातल्या साल्ता शहराच्या कडेच्या एका गरीब वस्तीतली मुलं मात्र आपल्या वस्तीबद्दल अभिमानाने बोलत होती, कारण तिथले लोक एकमेकांना धरून होते आणि वस्ती सुधारायला स्वतः हात लावत होते.

हे कळल्यापासून कंटाळ्याच्या आठवणी मी फार मन लावून ऐकते. लोकांना वाटतं कंटाळा ही काय सांगायची गोष्ट आहे का, काहीतरी घडलेलं सांगावं. पण उपनगरात वाढणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच की! सुट्टीतली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, शहर तिकडे लांब, तिकडे काय काय चाललंय ते ऐकून माहीत आहे पण जायला पैसे नाहीत आणि परवानगीही नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांची चार मुलं एका कट्ट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्या बस मोजतायत. एका बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या मैत्रिणींनी स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांची चाल बघून कोण कुठल्या ऑफिसात असेल ते ओळखायचा खेळ काढला होता आणि तो दोन उन्हाळे चालला. हा खेळ दुसरीकडे कुठे जन्मलाच नसता. तो घ्यायलाच हवा ना मग.

आठवणी एका घरातल्या तीन पिढ्यांकडून घेता आल्या तर त्यासारखं दुसरं काही नाही. आजोबा खाणीपर्यंत जायचे, एकटे, न सांगता. आई मोठ्या रस्त्यापर्यंत, सांगून. नातू गेटपर्यंत, तेही कुणी बघत असलं तर. तिघांच्या कागदांवर जग किती लांबवर जातं ते शेजारी शेजारी ठेवून बघितलं की एकही प्रश्न विचारावा लागत नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे आकडेच काढले होते, १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची १०० पैकी ८० मुलं शाळेत मोठ्यांशिवाय जायची, १९९० मध्ये फक्त ९. एकोणीस वर्षांत! रस्त्यावर गाड्या वाढल्या तसं आईबापांनी मुलांना आत घेतलं. तिकडे अमेरिकेत रॉजर हार्ट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या गावातल्या मुलांच्या मागे मागे फिरून ती कुठवर जातात ते नोंदवलं होतं आणि पुढे तीसेक वर्षांनी ते परत तिथे गेले, तर तीच मुलं आता आईबाप झालेली आणि स्वतः जिथे जिथे हुंदडली तिथे आपल्या पोरांना पाठवायला तयार नाहीत. हे मला जवळपास प्रत्येक मुलाखतीत ऐकू येतं. आधी अर्धा तास पाइपवरून चालल्याच्या गोष्टी, आणि मग मुलांना पाठवाल का विचारलं तर, छे छे.

एक गोष्ट मात्र ऐकणाऱ्याने डोक्यात पक्की ठेवावी लागते. साठीतला माणूस म्हणतो आमच्या वेळी गाव छान होतं, नंतर बिघडलं. चाळिशीतला म्हणतो आमच्या वेळी छान होतं, नंतर बिघडलं, आणि त्याची वेळ म्हणजे नेमकी तीच जिला साठीतला माणूस बिघडलेली म्हणतो. दोघंही मनापासून बोलतायत. मानसशास्त्रात हे चांगलं माहिती आहे, डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की उतारवयात माणसाला आयुष्यातला दहा ते तीस वर्षांचा काळ बाकीच्या काळापेक्षा खूप जास्त आठवतो. म्हणजे उजळ दिसतं त्यात गावाचा वाटा किती आणि वयाचा किती हे वेगळं करणं अवघड. म्हणून मी वाद घालत नाही, साल पण विचारत नाही, कारण साल विचारलं की माणूस अंदाज ठोकतो. मी विचारते, तेव्हा तुम्ही कितवीत होतात? वर्गशिक्षक कोण होते? धाकटी बहीण चालायला लागली होती का? इयत्ता आठवते, साल नाही आठवत, आणि इयत्तेवरून साल आपल्याला काढता येतं.

आणि तरी चुका राहतात. राहू द्याव्यात असं माझं मत आहे, आणि यावर माझे बऱ्याच जणांशी वाद झालेत. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुली नावाचा एकवीस वर्षांचा पोलाद कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेली या तोंडी इतिहासाच्या अभ्यासकांनी तिथल्या कामगारांकडून आठवणी गोळा केल्या तेव्हा कित्येक जण सांगत होते की तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून हजारो लोकांना काढलं त्या वेळच्या आंदोलनात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता म्हाताऱ्यांचा गोंधळ झालाय. पोर्तेलींनी विचारलं की सगळ्यांचा गोंधळ एकाच दिशेने का होतोय, आणि उत्तर हे की लोकांसाठी मोठी जखम ती नोकरकपातीची होती, मग त्यांनी आपला मेलेला माणूस तिथे नेऊन ठेवला. हे वाचलं तेव्हापासून मी कुणाची आठवण दुरुस्त करत नाही. दोन बहिणींनी मला एकाच पुराची गोष्ट सांगितली, मोठी म्हणते पाणी पायरीपर्यंत आलं होतं, धाकटी म्हणते खिडकीपर्यंत. धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. दोन्ही रेकॉर्डिंग तशीच ठेवली, नगरपालिकेत जी काही नोंद मिळाली ती बाजूला वेगळी लिहिली. खिडकीपर्यंत पाणी आल्यासारखं वाटलेलं एक मूल त्या घरात होतं, ही पण त्या पुराची माहितीच आहे.

आता जरा जड विषय. "सगळे एका कुटुंबासारखे राहायचे" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते आलं की मी सावध होते. खोटं असतं म्हणून नाही. सांगणाऱ्यासाठी ते खरंच असतं. पण कुटुंबात कोण धरलं जायचं आणि कोण नाही ते विचारावं लागतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटटाउन हे एकसारख्या घरांचं, तरुण कुटुंबांसाठी बांधलेलं उपनगर, आणि बिल्डरचं धोरण असं की घरं फक्त गोऱ्यांना विकायची. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांना घेऊन तिथे राहायला आलं तर घरासमोर रात्र रात्र जमाव, दगडफेक, शेवटी राज्याचे पोलीस आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात त्याच गावात शेकडो मुलं सायकली फिरवत होती आणि त्यांच्या आठवणीत तो उन्हाळा सायकलींचाच असणार. दोन्ही एकाच गावातलं. नुसत्या सायकलीवाल्यांकडे गेलं तर आपण एक सुंदर आणि अर्धं गाव लिहून ठेवू.

म्हणून मी विचारते, तुमच्या खेळात कोण नसायचं? यावर बहुतेक वेळा माणूस गप्प होतो. मग एखादं घर आठवतं, शेवटच्या गल्लीतलं, किंवा बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या, जिथली मुलं बघत उभी असायची, नाहीतर एखादा मुलगा जो बोलताना अडखळायचा. त्या घरातलं कुणी सापडलं तर त्यांच्याकडे जायचं, आणि जमेल तितकं लवकर जायचं, कारण गाव सोडून गेलेल्यांचा पत्ता सगळ्यात आधी हरवतो. मुलींचंही तसंच. दहा वर्षांपर्यंत भाऊ-बहिणीचा नकाशा साधारण सारखा निघतो आणि मग बाराव्या-तेराव्या वर्षी बहिणीचा एकदम आक्रसतो. भाऊ नाल्यापलीकडे, ती गच्चीवर. एका ताईंनी तर मला दोन कागद मागितले, म्हणाल्या एकावर आधीचं काढते एकावर नंतरचं, एका कागदावर मावणार नाही.

रेकॉर्डिंगबद्दल लोक फार विचारतात म्हणून थोडं सांगते. महागडं काही लागत नाही, फोन पुरतो, फक्त पंखा आणि टीव्ही बंद हवा आणि फोन बोलणाऱ्याच्या जवळ हवा. पहिल्यांदा एकेकट्याला भेटायचं, ग्रुप नंतर. ग्रुपमध्ये मजा खूप येते, एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवतं, पण ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण हळूहळू सगळ्यांची होऊन बसते, आणि एकदा तसं झालं की आपली कुठली आणि ऐकलेली कुठली हे त्यांनाही सांगता येत नाही. जुने फोटो समोर ठेवून बोलायचं, पण फोटो घरी न्यायला मागायचे नाहीत, तिथेच टेबलावर ठेवून फोनवर काढायचे आणि मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तेही काढायचं, कित्येकदा खरी माहिती तिथेच असते. लिहून काढताना भाषा साबणाने धुवायची नाही. माणूस अडखळला तिथे अडखळलेलंच लिहायचं. आणि फाइलला नाव देताना तारीख आणि कोण बोलतंय ते लिहायचं, नुसतं "रेकॉर्डिंग नवीन" असं ठेवलं तर पाच वर्षांनी कोण बोलतंय ते तुम्हालाच कळणार नाही. कॉपी दोन-तीन ठिकाणी हव्यात, आणि त्यातली एक त्या घरच्यांकडे.

परवानगी दोनदा घ्यायची. बोलायच्या आधी घेतलेली परवानगी अर्धीच असते कारण आपण काय काय बोलणार आहोत ते तेव्हा त्या माणसालाच माहीत नसतं. बोलून झाल्यावर परत विचारायचं की यातलं काय ठेवू आणि काय नको. काकांनी पाइपची गोष्ट ठेवायला सांगितली, पण भावाला विचारून, म्हणून मी भावाला फोन केला. त्यांनी होकार दिला आणि वर सांगितलं की पडलो ते पट्ट्यामुळे नाही, दादाने मागून हाक मारली म्हणून. ते पण आता रेकॉर्डमध्ये आहे, काकांच्या गोष्टीला लागूनच.

हल्ली मी आजच्या मुलांकडूनही नकाशे घ्यायला लागलेय, पन्नास वर्षं थांबायचं कशाला. त्यांच्या कागदांवर लिफ्ट असते, तळघरातलं पार्किंग असतं, कुठल्या मजल्याच्या जिन्यात आवाज घुमतो ते असतं, वॉचमन कधी चहाला जातो ते असतं. मोठ्यांना वाटतं ही मुलं घरातच असतात, यांना काय गाव माहीत असणार, पण पार्किंगच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यांची त्यांनी ठेवलेली नावं ऐकली की कळतं यांचंही गाव आहे, फक्त ते आडवं पसरायच्या ऐवजी उभं गेलंय. बंदी असलेल्या जागेचा प्रश्न त्यांनाही विचारते. परवा दोन भावंडांनी जागा सांगितली, कागदावर खूण करून दाखवली, कसं जायचं तेही सांगितलं, पण मोठी झाल्याशिवाय आईबाबांना दाखवायचं नाही या अटीवर. मी पाकिटावर तशी अट लिहून खाली त्या दोघांच्या सह्या घेतल्यात.